पोचपावती

कुरियरवाल्यानं बेल वाजवली तेव्हा सुचित्रा न्हाणीघरात होती, डोक्याला शाम्पू लावून. कोण आहे, थांबा, असं ती आतून ओरडली, पण तोवर बाहेरचं दार उघडल्याचा आवाज झालाही होता. म्हणजे सासूबाई उठल्या. इंदूबाईंना ऐंशीला एकच वर्ष कमी. एक डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला आणि दुसऱ्याला उजेड कुठला, सावली कुठली, एवढंच कळायचं. तरी दारावर कुणी आलं की भिंत चाचपत सगळ्यांच्या आधी त्याच पोचायच्या. ही गावाकडची, दारव्ह्याची खोड मस्कतला सहाव्या मजल्यावर येऊनही गेली नव्हती. सुचित्रा केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तर कुरियरवाला आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरून उभा होता आणि इंदूबाई त्या काचेवर बोटानं सही करत होत्या. जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून, एकेक अक्षर, घाई नाही. मग त्यांनी खोका सुनेकडे केला, "घे, काही आलं तुमचं," म्हणाल्या आणि भिंत धरून आपल्या खोलीत गेल्या. खोक्यात मितालीचं, म्हणजे सुचित्राच्या सुनेचं, केसांना लावायचं काहीतरी होतं. सुचित्राचं तिकडे लक्षच नव्हतं. मोबाइल खिशात जायच्या आधी पळभर तिला ती सही दिसली होती. वेडीवाकडी इंदूबाई, आणि दूच्या उकाराची शेपटी पुढच्या अक्षरांखालून लांबवर ओढत नेलेली. ती शेपटी सुचित्रानं शिकवलेली होती.

एक्क्याण्णव साल असेल. लग्नाला वर्ष झालं होतं. साक्षरतेची मोहीम तेव्हा जोरात होती, गावोगाव भिंतींवर अक्षरं रंगवलेली, आणि तहसील कचेरीतले हेडक्लार्क, म्हणजे तिचे सासरे सदाशिवराव, यांची बायको अंगठा लावते ही गोष्ट मात्र सगळ्या घरानं मिळून झाकून ठेवलेली. सुचित्रा यवतमाळची, डी.एड. झालेली. नव्या सुनेला सासूचं मन जिंकायची हौस असते, तशी तिलाही होती. दुपारची भांडी झाली की ती पाटी घेऊन बसायची. इंदूबाई आधी लाजल्या, मग चिडल्या, मग शिकल्या. तीन महिन्यांत फक्त स्वतःचं नाव. तेवढं बस झालं, म्हणाल्या, मले काय कादंबरी लिहायची हाये. त्यांचा खरबरीत हात आपल्या हाताखाली धरून सुचित्रानं तो उकार शंभरदा गिरवून घेतला होता आणि शेपटी पाटीच्या चौकटीवर चढली तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या. पुढं जे झालं त्यात हे हसणंच तिला सगळ्यात जास्त जाळायचं. नुसतीच वाईट वागलेली सासू सोसता येते. जिच्यासोबत हसलो तिचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात सुचित्राच्या नेमणुकीचा कागद यायचा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मुलाखत झाली होती, यादीत नाव लागलं होतं. सासरे हो म्हणाले नव्हते, पण नाहीही म्हणाले नव्हते, आणि त्या घरात तेवढं पुष्कळ होतं. राहिला होता तो फक्त टपालवाला. सुनेनं बाहेरच्या ओसरीवर जायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, असा रिवाज. टपाल यायचं ते सासूच्या हातातून आत यायचं. रोज दुपारी सुचित्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून विचारायची, "काही टपाल आलं का, आई?" आणि इंदूबाई तूर निवडता निवडता सांगायच्या, "नाही आलं." दही संपलं म्हणून सांगावं इतक्या सहज. दीड महिना हेच चाललं. मग जुलैत डी.एड.ची मैत्रीण जया स्टँडवर भेटली आणि म्हणाली, अगं, तू रुजू काहून नाही झाली? यादीत मुकुटबनच्या शाळेपुढं तुहं नाव होतं, म्या डोळ्यानं पाहिलं. माहेरचं निमित्त काढून सुचित्रा यवतमाळला गेली. कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं फाईल उलटली, चष्मा वर सरकवला आणि कीव आल्यासारखं म्हणाला, बाई, कागद तर पोचला तुमच्या घरी, ही पाहा पोचपावती. टाचणीनं लावलेला तो चतकोर पुठ्ठा. त्यावर सही. उकाराची शेपटी पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत गेलेली. रुजू व्हायची मुदत संपून तीन आठवडे झाले होते आणि जागा दुसऱ्या कुणाला गेली होती.

परतीच्या एसटीत तिला उलट्या झाल्या. पोटात मुलगा, अभिषेक, होता, हे तिला आठवड्याभरानं कळलं. नवऱ्याला सांगितलं, तर नरहर म्हणाला, आई आहे ती माही, तिले काय कोर्टात उभं करू? आणि अशा दिवसांत तुले वणीच्या पलीकडे कोण धाडणार होतं? एवढं बोलून त्यानं पेपर उघडला, आणि नंतरची अठ्ठावीस वर्षं, मरेपर्यंत, मिटला नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीत देवघर साफ करताना तिला कागद सापडला. देवांच्या खाली अंथरलेल्या लाल कापडाखाली, चार घड्या केलेला. तिनं तो उलगडला, वाचला, त्यावरची धूळ पदरानं पुसली आणि होता तिथेच ठेवला. का ठेवला? म्हातारी तो कधीतरी काढायला येईल आणि आपण तिला हात धरून पकडू, असं वाटलं असावं. म्हातारी आली नाही. दुसऱ्या दिवाळीलाही कागद तिथेच. मग ते एक कर्मच होऊन बसलं. देव घासायचे, कागद पुसायचा, कागद ठेवायचा, वर देव मांडायचे. चार वर्षांपूर्वी नरहर गेला, अभिषेकनं दोघींना मस्कतला आणलं, तेव्हा इंदूबाईंनी देवांचं गाठोडं कुणाला बांधू दिलं नाही, चाचपडत स्वतः बांधलं. इथे स्वयंपाकघराच्या फळीवर ते उघडलं, तर देवांबरोबर लाल कापड होतं आणि कापडात तो कागदही विमानानं आला होता.

मुकुटबन तिनं कधी पाहिलं नाही. पण तिथे ती बत्तीस वर्षं नोकरी करत होती. शाळेपुढं कडुनिंब तिनंच लावला होता, फळ्याचा वरचा उजवा कोपरा उखडला होता, पावसाळ्यात कौलं गळत आणि मुलं पाटीनं डोकं झाकत. सेवादास, नयन, इंद्रजित, आणि पहिल्या बाकावरची ती कोलाम आदिवासींची मुलगी, जी वर्षभर बोलली नाही आणि मग एके दिवशी सगळे पाढे म्हणून मोकळी झाली. भाकरी थापताना, सासऱ्यांचं दुखणं काढताना, नरहरचे कपडे इस्त्री करताना सुचित्रा मनात हजेरी घ्यायची. त्या पोरांची वयं वाढायची नाहीत. तिचं मात्र वाढलं, ती अठ्ठावन्नाची होईल तेव्हा निरोपसमारंभही होणार होता, शाल आणि नारळ मिळणार होता. सध्या ती छप्पन्नाची होती, म्हणजे अजून दोन वर्षांची नोकरी बाकी होती. सकाळी आठला अभिषेक आणि मिताली कामावर गेले की त्या फ्लॅटमध्ये दोघीच उरत. इंदूबाई बोलायच्या, सुचित्रा हो आणि नाही म्हणायची.

सुडाला सवड लागते. दारव्ह्यात ती नव्हती. तिथे सासूच्या चहात साखर एक चमचा कमी टाकणं, तिची औषधाची वेळ अर्धा तास लांबवणं, असल्या चिल्लर गोष्टींवर भागवावं लागे. इथे सवडच सवड होती आणि म्हातारी पुरती हातात होती. जेवायला वाढायची सुचित्रा, न्हाऊ घालायची सुचित्रा, घरात काय कुठे आहे ते सांगायची सुचित्रा. कुरियरच्या त्या सहीनंतर दोन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. शुक्रवारी दुपारी जवळच्या मशिदीतून अजान आली, आणि सवयीनं इंदूबाईंनी देवापुढची घंटी मागितली. दारव्ह्यातही त्या हेच करायच्या. अजान सुरू झाली की घंटी जोरात. गाद्या पिंजायला जो मुसलमान पिंजारी यायचा, त्याचा कप वेगळा, तो कुंपणाच्या दगडावर पालथा, आणि तो गेला की भरलेल्या गादीवर आधी तुळशीचं पाणी. उभा जन्म ती बाई तुरीसारखी स्वतःला अशी वेगळी निवडत आली होती. संध्याकाळी अभिषेक म्हणाला, आई, उद्या शनिवार आहे, मला काम निघालंय, पण तू ती मोठी मशीद तरी पाहून ये, इतकी वर्षं झाली, सगळे पाहतात, सकाळी अकरापर्यंत कुणालाही जाऊ देतात. इंदूबाई तेव्हा आत झोपलेल्या. सुचित्राच्या मनात सगळं एकदम, कुणी मांडून ठेवल्यासारखं, दिसलं. सासूबाई उठल्याची चाहूल लागली तशी ती आत गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही मागं लागल्या होत्या ना, उद्या देवाले जाऊ."

बेत साधा होता. म्हातारीला तिथे न्यायचं, हात जोडायला लावायचं, आणि मग सांगायचं. बस. तिचा चेहरा पाहायचा. बत्तीस वर्षं ज्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, त्यावर एकदा काहीतरी उमटलेलं पाहायचं. पुढं दारव्ह्याला फोन करून भजनी मंडळातल्या बायांना सांगायचं की नाही, ते नंतर ठरवता आलं असतं. टॅक्सीत बसताना ड्रायव्हरनं ग्रँड मॉस्क, बडी मस्जिद ना, म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा तिनं मोठ्यानं हो हो म्हणून खोकल्याची उबळ आणली. इंदूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, मांडीवर हात. कोणाचं देऊळ म्हणली तू, असं त्यांनी विचारलं. गणपतीचं, सुचित्रा म्हणाली, आपल्या कळंबच्या चिंतामणीसारखं, फक्त तिथे पायऱ्या खाली उतरायच्या असतात, इथे सपाट चालायचं. खोटं इतकं सुरेख जमलं की तिला स्वतःचं नवल वाटलं. मग वाटलं, दही संपल्यासारखं ते 'नाही आलं'सुद्धा असंच जमायचं.

दाराशी एक बाई बायकांचे केस झाकलेले आहेत का ते पाहत होती. सुचित्रानं आपली ओढणी नीट केली आणि मग सासूच्या खांद्यावरचा पदर उचलून तिच्या विरळ पांढऱ्या डोक्यावर ओढला, कपाळापर्यंत, थोडा जास्तच. सुनेच्या डोक्यावरचा पदर आज सासूच्या डोक्यावर, ही तिची आगाऊ वसुली होती. त्या दाराशी उभ्या बाईनं मात्र पुढं होऊन तो पदर हलकेच मागं सारला, आजींना दिसलं पाहिजे, अशा अर्थाचं काहीतरी बोलली, आणि इंदूबाईंच्या कोपराला हात देऊन त्यांना उंबरा ओलांडून दिला. सुचित्राला शरम वाटली. दुसऱ्याच्या देवाचं घर आपण काठी म्हणून उचलून आणलंय, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. कळलं म्हणून ती थांबली नाही. संगमरवर तळपायांना थंड लागत होता, कमानींखालून वारा येत होता, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सुटीच्या दिवशी फिरायला आलेली माणसं निवांत चालत होती, फोटो काढत होती. घंटा नाही का वाजवत कोणी, इंदूबाईंनी विचारलं. इथे नियम नाही, ती म्हणाली. फुलांचाही वास नाही. इथे चालत नाही फुलं, ती म्हणाली. मोठ्या दालनात गालिचा होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड, आणि पाहुण्यांना चालायला त्यावर निळी पट्टी. तो गालिचा बायकांनी हातानं विणला, वर्षं लागली, असं कुणी वाटाड्या आपल्या घोळक्याला सांगत होता. सुचित्राला वाटलं, कुणाचं तरी काम निदान जमिनीवर दिसतं तरी.

"करा नमस्कार," ती म्हणाली. "समोरच आहे."

इंदूबाईंनी हात जोडले. मान झुकवली नाही, उलट वर केली. वर झुंबर होतं, एखादं अख्खं घर उलटं टांगावं एवढं, आणि त्याचा सगळा उजेड त्या एका उरल्यासुरल्या डोळ्यात उतरला होता. म्हातारीचं तोंड किंचित उघडं राहिलं. "केवढा उजीड हाये व," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "मले दिसून राह्यला." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. सुचित्रा शेजारी उभी होती. सूड घ्यायला आणलं आणि बाईला दर्शन झालं. हिला इथेही मिळालं. हिला कुठे मिळालं नाही असं झालंच नाही कधी.

बाहेर ओवरीच्या टोकाला पाहुण्यांसाठी कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर ठेवले होते. सतरंजीवर, तक्क्याला टेकवून तिनं सासूला बसवलं, पुढ्यात कहवा ठेवला, हातात खजूर दिला आणि समोर बसली, चेहरा नीट दिसेल अशी. ऊन बेतानं आलं होतं. ती म्हणाली, "आई, हे देऊळ नाही. मशीद आहे ही. तुम्ही मशिदीत हात जोडून आल्या."

इंदूबाईंनी खजुराची बी तोंडातून काढून मुठीत धरली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "माहीत हाये," त्या म्हणाल्या.

म्हातारी सावकाश सांगत होती की डायव्हर दोन खेपा बोलला, कान तं शाबूत हायेत माहे, आणि पन्नास वर्षं दारव्ह्याच्या मशिदीच्या आळीत काढली, तिथली शांतता वळखू येते. मग हात कशाला जोडले, असं सुचित्रानं विचारलं तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"तू म्हणली म्हणून. कालपासून तू गोड बोलून राह्यली. मले समजलं, हिच्या मनात काही हाये. म्हटलं, होऊ दे. तेवढ्यानं हिचं मन निवत असंल तं होऊन जाऊ दे एकदाचं." त्यांनी कहव्याचा घोट घेतला. "झालं ना आता? त्या कागदाचं?"

बत्तीस वर्षांत तो शब्द त्या तोंडून आला नव्हता. सुचित्राला तो अजून एकदा ऐकायचा होता. "कोणत्या कागदाचं?"

"देवाखालच्या. दर दिवाळीले तू त्याची धूळ पुसत होती. घडी माह्या हातची राहत नव्हती, मले काय समजत नव्हतं का?"

"काहून लपवला?"

इंदूबाईंनी विचार केला, असं नाही. उत्तर तयारच असावं. "तू गेली असती तं परत आली नसती. नरहर तुह्यामागं गेला असता. मी तुह्या सासऱ्यासंगं एकटी राह्यली असती त्या घरात." मग मुठीतली बी चाचपत, "आता फिटलं म्हण."

चूक झाली, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर कदाचित सुचित्रा रडली असती आणि संपलं असतं. एक सकाळ, एक नमस्कार, एक खजूर. आणि पलीकडे कडुनिंब, उखडलेला फळा, हजेरीतली सगळी पोरं. म्हातारीनं हे समोरासमोर ठेवलं होतं आणि वर म्हणत होती फिटलं. सुनेचा घाव तिनं बसण्याआधीच गिळून टाकला होता, खजुरासारखा गोड करून. सुचित्रा उठली आणि सासूला हात देऊन उठवलं, कारण उठवायचं कामही तिचंच होतं.

निघायच्या दाराशी छोट्या टेबलावर पाहुण्यांची वही होती. नाव, गाव लिहून जा, असं टेबलामागच्या बाईनं खुणेनं सुचवलं आणि ती दुसऱ्या कुणाला पुस्तिका द्यायला वळली. काय हाये, इंदूबाईंनी विचारलं. वही आहे, आलेल्यांनी सह्या करायच्या. म्हातारीच्या चेहऱ्यावर आता मात्र काहीतरी उमटलं. सकाळपासून सुचित्रा जे शोधत होती ते नव्हे, अभिमान होता तो, लहान मुलाच्या तोंडावर असतो तसला. "मले दे," त्या म्हणाल्या. "मले येते सही. मी आल्ती इथं, दिसू दे कोणाले."

पेन वहीच्या घडीत ठेवलेलं होतं. खटक्याचं पेन. खटका वर होता, म्हणजे टोक आत. सुचित्रानं पेन उचललं, अंगठा खटक्यावर ठेवला, आणि अंगठा तिथेच राहिला, दाबला गेला नाही. तिनं ते तसंच सासूच्या बोटांत दिलं. मग तो हात आपल्या हाताखाली घेऊन कोऱ्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवला, जसा पाटीवर ठेवायची तसा, आणि सोडून दिला. इंदूबाईंनी जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरली. एकेक अक्षर, घाई नाही. शेवटाला दूखाली परत येऊन उकाराची शेपटी ओढली, चांगली लांब, ओळ संपेपर्यंत. कागद पांढराच राहिला होता. तिरपं ऊन पडलं तेव्हा त्यावर नुसता वळ दिसला, आणि पान जरा हललं तर तोही दिसेना.

इंदूबाईंनी पेन खाली ठेवलं, बोटं चोळली आणि सुनेच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

"आली का व सही?"

"आली," सुचित्रा म्हणाली, अगदी सहज, आणि तिनं वही मिटली.